खेळाचं पाणी

कोलाडला सकाळी कुंडलिकेत राफ्ट सुटतात. आमच्या रोह्याची ही नदी. पण ज्यावर राफ्ट उसळतात, ते पाणी घाटावरचं. मुळशी धरणातून ते सह्याद्री उतरतं, भिऱ्याच्या वीजघरात जनित्रं फिरवतं आणि मग नदीला मिळतं. पाणी सुटलं, तरच खेळ. हे वीजघर १९२७ सालचं.

१९२२ साली अमेरिकेत लेक पेपिनवर राल्फ सॅम्युएलसन या अठरा वर्षांच्या पोरानं दोन फळ्या पायांना बांधल्या, मोटरबोटीमागची दोरी धरली, फळ्यांची टोकं वर ठेवली, मागे रेलला आणि पाण्यावर उभा राहिला. वॉटर स्कीइंग जन्मलं. एकाच फळीवर सहा तरंगत्या खुणांना वळसे घालायचा स्लालम पुढचा.

त्याच काळात, १९२१ ते १९२४, मुळशीचे मावळे सेनापती बापटांसोबत धरणाविरुद्ध सत्याग्रह करीत होते. ते हरले. गावं बुडाली.

मुलगा म्हणतो, ‘‘अब्बा, चला ना राफ्टमध्ये!’’ मी जातो. जॅकेटचे पट्टे आवळतो, हेल्मेट घालतो. वल्हं मारता मारता त्याला एवढंच सांगतो, ‘‘बेटा, हे पाणी कुणाच्या तरी उंबरठ्यावरून आलंय.’’