खर्जाची पेटी

भाद्रपदांत मुळशी तालुक्यांतील गांवांचीं ढोलपथकें पुण्यास येतात, तेव्हां त्यांचा नाद कानांच्या आधीं छातीस कळतो. चित्रपट पाहतांना घरींही तसाच धक्का बसावा, म्हणून हल्लीं पुष्कळ कुटुंबांत ‘सबवूफर’ नांवाची खर्जाची पेटी येते. दुकानांत तिचें मोल वॅटच्या आंकड्यांवरून ठरतें. परंतु खर्ज आंकड्यांनीं नव्हे, तर हवेच्या राशीनें मिळतो, हें तिच्या इतिहासावरून ध्यानांत येईल.

प्रथम आपला ढोल पाहा. त्याच्या रुंद पोटांत हवा कोंडलेली असते. एका तोंडावर टिपरूचा कडक आवाज निघतो, दुसऱ्यावर हाताच्या थापेचा घुमारा. पखवाजी डाव्या पुडीस ओली कणीक लावतो. पुडी जड झाली, कीं तिचीं आंदोलनें मंदावतात व स्वर उतरतो. रुंद पडदा, त्यावरील भार आणि मागें कोंडलेली हवा, हीं तीन साधनें आपल्या कारागिरांस पिढ्यान् पिढ्या ठाऊक होतीं. विजेच्या ध्वनिक्षेपकानेंही पुढें त्यांचाच आश्रय केला.

अमेरिकेंतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या राइस व केलॉग यांनीं १९२५ सालीं, तारेच्या वेटोळ्यानें हलणाऱ्या कागदी शंकूचा ध्वनिक्षेपक विद्वानांपुढें मांडला. शंकू पुढें सरला, कीं पुढची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. दोहोंची गांठ पडली, कीं खर्ज परस्पर नाहींसा होतो. म्हणून शंकूच्या पाठीस पेटी आली. बेल प्रयोगशाळेंतील थुरास यांनीं १९३० सालीं छिद्र असलेल्या पेटीच्या पेटंटासाठीं अर्ज केला. तींत पाठीमागची हवाही कामास लागे. १९५४ सालीं एडगर व्हिल्चर यांनीं उलट पेटी घट्ट बंद करून आंतील हवेसच स्प्रिंगचें काम दिलें. ऑस्ट्रेलियांत थील यांनीं १९६१ सालीं, व पुढल्या दशकांत स्मॉल यांनीं, याचें गणित बसविलें. ध्वनिक्षेपकाचे गुण मोजले, कीं पेटीचें आकारमान कागदावर काढतां येऊं लागलें, आणि कारखान्याची ही विद्या सुताराच्या हातीं आली.

चित्रपटगृहांत १९७४ सालच्या ‘अर्थक्वेक’ या चित्रपटासाठीं भूकंपाचा हादरा देणाऱ्या प्रचंड पेट्या मांडल्या गेल्या. १९९२ पासून डॉल्बीच्या अंकीय पद्धतींत खर्जास स्वतंत्र वाट मिळाली. घरगुती सबवूफर हें त्यांचेंच धाकटें रूप.

आतां काटकसरीचा विचार करूं. आंदोलनें सेकंदास ८० वरून ४० वर आणलीं, तर तितक्याच मोठ्या आवाजासाठीं चौपट हवा हलवावी लागते. २० वर आणलीं, तर सोळापट. यास्तव लहान पेटी, खोल खर्ज आणि थोडी वीज, हीं तिन्ही एकदम साधत नाहींत. खोक्यावरील वॅट वाचण्यापेक्षां शंकूचा व्यास आणि त्याची मागें-पुढें होणारी चाल पाहावी. १० किंवा १२ इंची ध्वनिक्षेपक, १८ मिलिमीटर जाडीचें प्लायवुड, आंतून आडवे टेके आणि हवाबंद सांधे, एवढ्यावर बंद पेटी होते. छिद्राची पेटी त्याच विजेंत अधिक घुमते. पण नळीचें माप चुकलें, तर खर्ज बिघडतो. नवशिक्यानें बंद पेटीच पत्करावी.

खोलीही वाद्यच होय. ४ मीटर लांबीची खोली सेकंदास सुमारें ४३ आंदोलनांच्या स्वरास घुमते. त्यामुळें एके ठिकाणीं खर्ज दाटतो, दुसरीकडे लोपतो. पेटी आपल्या बसण्याच्या जागीं ठेवून खोलींत फिरावें आणि जेथें खर्ज एकसारखा ऐकूं येईल, तेथें ती हलवावी. या उपायास एक पैही लागत नाहीं.

भिंत तार स्वर बराच अडविते, खर्ज मात्र पुष्कळसा पलीकडे जातो. ढोलास गांवाचें पटांगण असतें. शहरांतील पेटीस शेजाऱ्याची भिंत लागून असते, आणि तिच्यापलीकडे कोणी आजारी निजलेला असेल. रात्रीं दहा वाजले, कीं पेटीची कळ बंद करावी, हें मात्र गणितावांचून समजण्यासारखें आहे.