अंतर्गत भिंतींचे रंगकाम

अंतर्गत भिंतींचे रंगकाम म्हणजे घराच्या आतील बाजूच्या भिंतींवर संरक्षण, स्वच्छता व शोभा यांसाठी रंगलेपाचे थर चढवण्याचे काम होय. व्यवहारात याला 'रंग काढणे' किंवा 'रंग देणे' आणि चुन्याच्या बाबतीत 'सफेदी करणे' असे म्हणतात. या कामात तीन बाबींची निवड स्वतंत्रपणे करावी लागते : रंगाची छटा, रंगद्रव्याचा प्रकार (चुना, डिस्टेंपर, इमल्शन, तैलरंग) आणि फिनिश, म्हणजे रंग वाळल्यावर पृष्ठभागाला येणारी चकाकी व स्पर्श. सर्वसाधारणपणे छटेच्या निवडीकडे अधिक लक्ष दिले जाते. परंतु रंग किती वर्षे टिकेल हे प्रामुख्याने भिंतीची घडण, तिच्यातील ओल आणि पूर्वतयारी यांवर अवलंबून असते.

इतिहास

महाराष्ट्रातील मातीच्या घरांत भिंती शेणमातीने सारवून त्यांवर पांढऱ्या मातीचा किंवा गेरूचा हात देण्याची पद्धत होती व काही भागांत ती अद्याप आहे. पालघर जिल्ह्यातील वारली समाजात अशाच सारवलेल्या, गेरूने रंगवलेल्या भिंतींवर तांदळाच्या पिठाने विवाहप्रसंगीचा चौक लिहिला जातो.

अजिंठा येथील लेण्यांतील भित्तिचित्रे ही भिंत रंगवण्याच्या तंत्राचे प्राचीन उदाहरण होय. तेथे खडकावर माती, भाताचा कोंडा व वनस्पतींचे तंतू यांचा गिलावा देऊन त्यावर चुन्याचा पातळ थर चढवलेला आहे. चित्रे या वाळलेल्या थरावर, चिकट द्रव्यात कालवलेल्या रंगांनी काढली आहेत. ओल्या चुन्यावर रंगवण्याच्या युरोपीय फ्रेस्को पद्धतीहून हे तंत्र वेगळे आहे.

पुढील काळातील वाड्यांमध्ये चुन्याचा गिलावा व त्यावर सफेदी हा सर्वसामान्य प्रघात होता. कोकण व गोव्याच्या किनारपट्टीवर शिंपले भाजूनही चुना तयार केला जात असे. विसाव्या शतकात तैलरंग व डिस्टेंपर यांचा प्रसार झाला, तर पाण्यात मिसळणारे इमल्शन रंग जगभर दुसऱ्या महायुद्धानंतर रूढ झाले. मुंबईत १९४२ साली स्थापन झालेल्या एशियन पेंट्स या कंपनीसाठी व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ मध्ये रेखाटलेला, हाती डबा व कुंचला घेतलेला 'गट्टू' हा खोडकर मुलगा अनेक दशके घराच्या रंगकामाचे बोधचिन्ह बनून राहिला.

रंगाचे घटक

कोणत्याही भिंतरंगात मुख्यतः चार घटक असतात. छटा व अपारदर्शकता देणारी रंगपूड, घनता वाढवणारी खडूसारखी पूरक पूड, हे सर्व भिंतीला धरून ठेवणारा बंधक आणि मिश्रण पातळ करणारा द्रव. पांढऱ्या रंगासाठी आज मुख्यतः टायटॅनियम डायऑक्साइड वापरतात.

पूड व बंधक यांच्या प्रमाणावर फिनिश ठरते. बंधक कमी व पूड अधिक असल्यास पृष्ठभाग सूक्ष्मरीत्या खडबडीत राहतो, प्रकाश सर्व दिशांना विखुरतो आणि रंग निस्तेज, म्हणजे मॅट दिसतो. बंधक अधिक असल्यास त्याचा सलग गुळगुळीत पापुद्रा तयार होतो व रंग चकाकतो. हाच पापुद्रा डाग आत शिरू देत नाही. म्हणून चकाकी वाढते तशी धुण्याची सोयही सामान्यतः वाढते. मात्र भिंतीतील खाचखळगे चकाकीत अधिक उठून दिसतात.

रंगांचे प्रकार

चुना. कळीचा चुना पाण्यात विरवला असता उष्णता निर्माण होऊन कॅल्शियम हायड्रॉक्साइड तयार होते. गाळलेली ही निवळी दुधाइतकी पातळ करून, भिंत आधी ओलसर करून, दोन ते तीन हात देतात. हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून या थराचे कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडी बनते. ताजा चुना तीव्र अल्कधर्मी असल्याने त्यावर बुरशी सहसा वाढत नाही. पकड वाढवण्यासाठी त्यात सरस किंवा डिंक घालतात. छटेसाठी चुन्यात टिकणारीच द्रव्ये लागतात. गेरू, पिवडी व कपड्यांची नीळ ही त्यांची परिचित उदाहरणे होत. चुना स्वस्त आहे व त्यातून भिंतीतील बाष्प बाहेर पडू शकते. मात्र तो अंगाकपड्यांना लागतो आणि धुता येत नाही.

डिस्टेंपर. जुन्या पद्धतीचे डिस्टेंपर हे खडूची पूड व सरस यांचे पाण्यातील मिश्रण असे. त्यानंतर तेलाचा बंधक असलेले ऑइल बाउंड डिस्टेंपर आणि अलीकडे ॲक्रिलिक डिस्टेंपर प्रचारात आले. याचे फिनिश मॅट असते. ते ओल्या फडक्याने हलकेच पुसता येते, परंतु वारंवार घासल्यास निघते.

इमल्शन. बाजारात याला 'प्लास्टिक पेंट' असेही म्हणतात. यात ॲक्रिलिकसारख्या बहुवारिकाचे सूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. पाणी उडून गेल्यावर हे कण एकमेकांना चिकटून सलग पापुद्रा होतो. वास कमी, वाळण्याचा वेग अधिक आणि फिनिशचे अनेक पर्याय या कारणांनी सिमेंटच्या गिलाव्याच्या घरांत आज हाच प्रकार सर्वाधिक रूढ आहे.

तैलरंग. पूर्वी जवसाच्या तेलात व आता अल्किड रेझिनमध्ये तयार होणारे हे रंग टर्पेंटाइनसारख्या द्रवाने पातळ करतात. निम्मी चकाकी असलेला 'लस्टर' भिंतींसाठी, तर पूर्ण चकाकीचा एनॅमल मुख्यतः दारे-खिडक्यांसाठी वापरतात. तैलरंग घट्ट व धुण्याजोगा असतो. परंतु त्याचा वास तीव्र असतो, तो सावकाश वाळतो आणि पांढऱ्या छटा कालांतराने पिवळसर पडतात. नव्या सिमेंट गिलाव्यातील अल्कलीमुळे त्यातील तेलाचा साबण होऊन थर चिकट बनतो व सुटतो. त्यामुळे असा गिलावा पुरेसा मुरल्याशिवाय त्यावर तैलरंग देऊ नये.

फिनिशचे प्रकार

मॅट : चकाकी नाही. भिंतीतील उंचसखलपणा झाकला जातो. छत, शयनगृह व जुन्या असमान भिंती यांना योग्य. डाग पुसताना घासलेली जागा चमकते.

एगशेल : अंड्याच्या कवचासारखी मंद चमक. बैठकीच्या खोलीस योग्य.

सॅटिन व शीन : रेशमी चमक. मुलांची खोली, जिना व रहदारीच्या जागी सोयीचे.

सेमी-ग्लॉस व लस्टर : स्पष्ट चमक. स्वयंपाकघर व न्हाणीघराच्या फरशीवरील भागासाठी उपयुक्त.

ग्लॉस : आरशाजवळ जाणारी चकाकी. लाकूडकाम व लोखंडी जाळ्यांसाठी. सबंध भिंतीवर सहसा देत नाहीत.

या नावांचे चकाकीचे प्रमाण प्रत्येक उत्पादकागणिक थोडेफार बदलते. त्यामुळे नावावर विसंबण्यापेक्षा भिंतीवर सुमारे दोन फूट लांब-रुंद नमुना लावून तो दिवसाच्या उजेडात व रात्रीच्या दिव्यात पाहावा. छापील पत्रिकेवरील लहान चौकोनापेक्षा संपूर्ण भिंतीवर तीच छटा बहुधा अधिक गडद भासते.

भिंतीची घडण व ओल

माती, जांभा किंवा वीट यांच्या चुन्यात बांधलेल्या जुन्या भिंती जमिनीतील व पावसातील ओलावा शोषतात आणि कोरड्या दिवसांत तो पृष्ठभागातून बाहेर टाकतात. सारवण व सफेदी हे थर या येण्याजाण्याला अडवत नाहीत. अशा भिंतीवर सिमेंटचा गिलावा देऊन तैलरंग किंवा जाड इमल्शन लावल्यास ओलावा आत कोंडतो. त्याबरोबर आलेले क्षार थराखाली साचून पांढरी बुरबुर दिसू लागते, फुगे येतात व पोपडे सुटतात. आतला मूळ गिलावाही हळूहळू भुसभुशीत होतो. 'पक्का' रंग दिल्यामुळे जुनी भिंत अधिक लवकर खराब होते, ती या कारणाने. जुन्या घरांना म्हणूनच चुन्यासारखे बाष्प जाऊ देणारे थर अधिक मानवतात.

सिमेंट-काँक्रीटच्या इमारतींत ओलीची कारणे निराळी असतात. गच्चीची गळती, वरच्या मजल्यावरील न्हाणीघरातून झिरपणारे पाणी, बाहेरील भिंतीच्या भेगा, फुटलेली नळजोडणी आणि कोंदट खोलीत थंड भिंतीवर जमणारे दव ही त्यांपैकी प्रमुख होत. यांपैकी कोणतीही ओल आतून रंग देऊन थांबत नाही; मूळ कारण दूर करून भिंत वाळू देणे आवश्यक असते.

ओलीचे मूळ ओळखण्यासाठी एक सोपी चाचणी करता येते. सुमारे दीड फूट लांब-रुंद प्लास्टिकचा कागद भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून एक-दोन दिवस ठेवावा. कागदाच्या आतील बाजूस थेंब जमल्यास ओल भिंतीतून येत आहे. बाहेरील बाजूस जमल्यास ती खोलीतील दमट हवेची आहे.

महाराष्ट्रात घर रंगवण्याची प्रथा दसरा-दिवाळीशी जोडलेली आहे. नैर्ऋत्य मोसमी पाऊस राज्यातून साधारणपणे ऑक्टोबरमध्ये माघारी फिरतो. त्यामुळे सणापूर्वीच्या घाईत अनेकदा चार महिने भिजलेली भिंत पुरती सुकण्याआधीच झाकली जाते. तांत्रिक दृष्ट्या हिवाळा व उन्हाळ्याचा आरंभ हा काळ अधिक अनुकूल ठरतो.

पूर्वतयारी

सुटलेले पोपडे खरवडून काढणे ही पहिली पायरी होय. चुन्याचे जुने भुकटीसारखे थर तसेच ठेवून त्यांवर इमल्शन दिल्यास ते थरासकट सोलून निघते. बुरशी असलेला भाग बुरशीनाशक द्रावणाने धुऊन वाळवावा लागतो; नुसता झाकल्यास ती पुन्हा वर येते. नव्या सिमेंट गिलाव्याला सुमारे २८ दिवस मुरू देतात.

त्यानंतर भेगा व खड्डे भरून लांबी (पुट्टी) लावतात. पूर्वी खडूची पूड व तेल कालवून लांबी केली जाई. आता पांढऱ्या सिमेंटवर आधारित तयार पुट्टी अधिक वापरात आहे. प्लास्टर ऑफ पॅरिसने भिंत अतिशय गुळगुळीत होते, परंतु ओलाव्यात ते टिकत नाही. पोलादी पट्टीने पातळ थर देऊन, वाळल्यावर पॉलिश पेपरने घासून भिंत समतल केली जाते. शेवटी प्रायमरचा म्हणजे अस्तराचा हात दिला जातो. अस्तरामुळे भिंतीची शोषकता सर्वत्र सारखी होते. ते गाळल्यास रंग ठिकठिकाणी कमी-अधिक शोषला जाऊन डागाळलेला दिसतो.

रंग चढवण्याची पद्धत

काम छतापासून सुरू करून भिंती व शेवटी दारे-खिडक्या असा क्रम ठेवतात, जेणेकरून वरून उडालेले थेंब झाकले जातात. कोपरे व चौकटींच्या कडा कुंचल्याने आणि मोकळा भाग रोलरने रंगवतात. एका भिंतीचे काम मध्येच न थांबवता, आधीच्या पट्ट्याची कड ओली असतानाच पुढचा पट्टा जोडावा. अन्यथा जोडाच्या रेषा दिसतात. एका जाड हातापेक्षा दोन पातळ हात अधिक टिकतात. दोन हातांमधील अवधी इमल्शनसाठी सामान्यतः काही तासांचा, तर तैलरंगासाठी रात्रभराचा असतो. दमट हवेत तो वाढवावा लागतो.

शोभेच्या पद्धतींत मूळ रंगाच्या वाळलेल्या थरावर दुसरी छटा अंशतः चढवतात. स्पंजाने टिपके उमटवणे, चुरगळलेल्या फडक्याने ठसे घेणे, पातळ केलेला रंग कुंचल्याने आडवातिडवा फिरवून धूसर छटा आणणे आणि कापलेल्या साच्यातून नक्षी उमटवणे या त्यांतील परिचित पद्धती होत. जाड टेक्श्चर रंगाने भिंतीला उठाव येतो व बारीक दोष झाकले जातात. मात्र त्यात धूळ साचते आणि पुढे भिंत पुन्हा सपाट करणे कष्टाचे ठरते.

रंगाचे प्रमाण

रंगकामाचे माप चौरस फुटांत किंवा ब्रासमध्ये (१ ब्रास = १०० चौरस फूट) करतात. १२ फूट लांब, १० फूट रुंद व १० फूट उंच खोलीच्या चार भिंतींचे क्षेत्रफळ ४४ × १० = ४४० चौरस फूट होते. त्यातून ७ × ३ फुटांचे दार व ४ × ४ फुटांची खिडकी वजा केल्यास ४०३ चौरस फूट, म्हणजे सुमारे ४ ब्रास उरतात. डब्यावर दोन हातांसाठी प्रतिलिटर ६० चौरस फूट असे लिहिले असल्यास सुमारे ६.७ लिटर रंग लागेल. खडबडीत भिंतीला याहून अधिक लागतो.

आरोग्य व सुरक्षितता

जुन्या तैलरंगांत पांढऱ्या, पिवळ्या व तांबड्या छटांसाठी शिशाची संयुगे वापरली जात. शिशाचा परिणाम लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर होतो. शरीरात गेलेले शिसे कोणत्या प्रमाणापर्यंत निर्धोक मानावे अशी मर्यादा ज्ञात नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे आहे. भारतात घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा अधिक नसावे असा नियम २०१६ साली करण्यात आला व तो १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला.

त्यापूर्वी दिलेले तैलरंगाचे थर मात्र अनेक घरांत अजूनही आहेत. ते कोरडे घासल्यास किंवा आगीच्या झोताने जाळून काढल्यास शिसे धूळ व धूर यांवाटे पसरते. म्हणून असा थर घट्ट असल्यास न छेडता त्यावरच नवा रंग द्यावा. काढणे भाग पडल्यास पृष्ठभाग ओला ठेवून घासावा, रंगाऱ्याने नाक-तोंड झाकणारा योग्य मुखपट्टा वापरावा, लहान मुले व गर्भवती स्त्रियांनी त्या काळात तेथे राहू नये आणि खाली पडलेली भुकटी झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने टिपून घ्यावी. विरवताना चुना उसळतो व डोळ्यांना गंभीर इजा करू शकतो. त्यामुळे चुन्यात पाणी ओतण्याऐवजी पाण्यात थोडाथोडा चुना घालावा व डोळ्यांना चष्मा लावावा. तैलरंगाचे काम चालू असताना खिडक्या उघड्या ठेवाव्यात व जवळ विस्तव नसावा.