हिंद विजय जिमखाना, बडोदे

कबड्डीचे नियम छापून प्रसिद्ध करणारी बडोद्याची क्रीडासंस्था. सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांच्या कारकिर्दीत ती नावारूपाला आली.

महाराष्ट्रात कबड्डीला तेव्हा हुतूतू म्हणत. तिचे तीन प्रकार होते. संजीवनीत प्रतिपक्षाचा गडी बाद झाला की आपला बाद गडी परत येई. गामिनीत बाद झालेला बाहेरच बसे. अमरमध्ये तो मैदानातच राही, फक्त गुण मोजला जाई. गावोगावच्या संघांना एकत्र खेळवायचे, तर एकच नियमावली हवी होती. १९१८ मध्ये महाराष्ट्रातील जाणत्या खेळाडूंनी नियम बांधायला घेतले. १९२३ मध्ये जिमखान्याने ते छापले आणि त्याच वर्षी बडोद्यात अखिल भारतीय स्पर्धा भरवली.

ऑस्ट्रेलियन फुटबॉलचेही असेच झाले. मेलबर्नच्या एका क्लबने १८५९ मध्ये लिहून काढलेल्या नियमांतून तो देशभर पसरला.

१९९० च्या बीजिंग आशियाई स्पर्धेत भारताने कबड्डीचे सुवर्णपदक जिंकले. गडी परत आणण्याचा संजीवनीचा नियम आजही चालतो. कोसाडपासून बडोदे सुमारे १३० किलोमीटर. गुजरातेत वाढणाऱ्या आपल्या मुलांना हा वारसा इतका जवळचा आहे, हे त्यांना जरूर सांगावे.