लग्नाच्या जुन्या कॅसेटची डीव्हीडी करायचीय? मशीन घेण्याआधी हे वाचा

पुणे : घराचं रंगकाम निघालं किंवा जुना वाडा पाडायला काढला, की माळ्यावरच्या पेटीतून दोन-चार काळ्या कॅसेट हमखास बाहेर पडतात. कुणाच्या लग्नाची, कुणाच्या वास्तुशांतीची, कुणाची घाटातल्या बैलगाडा शर्यतीची. कव्हरवर फोटो स्टुडिओचं नाव असतं, तारीख असते, पण लावून बघायला घरात मशीन नसतं. आज हयात नसलेली आजी त्या कॅसेटमध्ये चालताबोलताना दिसते. अनेक घरांत तिचा आवाज दुसरीकडे कुठेच नसतो.

मग कॅसेटची डीव्हीडी करून घ्यायचं ठरतं आणि गाडी अडते. मशीन विकत घ्यायचं, पुण्यात दुकानात द्यायचं, की लॅपटॉपला जोडायच्या वायरवर भागेल? कुणाला काय परवडतं आणि कॅसेट वाया जाऊ नये म्हणून काय बघायचं, याची ही माहिती.

घाई कशासाठी?

व्हीएचएस कॅसेट १९७६ साली जपानच्या जेव्हीसी कंपनीने आणली. आपल्याकडे १९८२ च्या दिल्ली एशियाडच्या वेळी रंगीत टीव्ही आला आणि त्यामागोमाग व्हीसीआर पसरले. गावात व्हीसीआर भाड्याने आणून रात्रभर पिक्चर बघायचे ते हेच दिवस. पुढे नव्वदच्या दशकात लग्नाचं शूटिंग गावोगाव पोहोचलं.

कॅसेटमधली टेप म्हणजे प्लॅस्टिकची पातळ पट्टी. तिच्यावर चुंबकीय भुकटीचा थर चिकटवलेला असतो. दमट हवेने हा थर सुटायला लागतो, बुरशी धरते. १९९२ च्या लग्नाची कॅसेट आज तीस वर्षांच्या पुढे गेली आहे. ती अजून चालत असेल, पण दर पावसाळ्यात तिचं थोडं नुकसान होतच असतं.

दुसरी अडचण मशीनची. जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ च्या जुलैमध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं. व्हीसीआर बनवणारी ती जगातली शेवटची मोठी कंपनी होती. आता जे मिळतं ते वापरलेलं. त्याचे हेड, रबरी पट्टे, सुटे भाग आणि दुरुस्त करणारे कारागीर दरवर्षी कमी होत आहेत. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट व ध्वनी संग्रहालयाने २०१५ मध्येच इशारा दिला होता, की २०२५ पर्यंत ज्या टेप उतरवून घेतल्या जाणार नाहीत, त्या बहुतेक गमावल्यासारख्याच. ते वर्षही येऊन गेलं.

आधी कॅसेट ओळखा

मशीन शोधायच्या आधी आपल्याकडे कुठली कॅसेट आहे ते बघा.

* व्हीएचएस : मोठी काळी कॅसेट, साधारण १९ सेंटिमीटर लांब. लग्नाच्या बहुतेक कॅसेट याच. ई-१८० लिहिलं असेल तर तीन तासांची.
* व्हीएचएस-सी : हीच टेप लहान डबीत. खास खोक्यात बसवून साध्या व्हीसीआरमध्ये लावता येते.
* आठ एमएम (व्हिडिओ एट, हाय एट, डिजिटल एट) : गाण्यांच्या ऑडिओ कॅसेटएवढी. ही व्हीसीआरमध्ये कुठल्याही खोक्याने बसत नाही. त्याच जातीचा कॅमेरा लागतो. 'अडॅप्टर देतो' असं कुणी म्हटलं तर पैसे देऊ नका.
* मिनी डीव्ही : काडेपेटीपेक्षा जरा मोठी. हिलाही तिचाच कॅमेरा लागतो.

व्हीएचएसच्या मागच्या कडेला डाव्या बाजूला एक छोटा प्लॅस्टिकचा तुकडा असतो. तो आधी मोडून टाका. मग चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी लग्नावर दुसरं काही छापलं जात नाही.

यानंतर कॅसेटच्या खिडकीतून मोबाइलची बॅटरी मारून बघा. टेपच्या कडेवर पांढरी भुकटी किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. अशी कॅसेट मशीनमध्ये अजिबात घालू नका. बुरशी मशीनच्या हेडला लागते आणि नंतर घातलेल्या चांगल्या कॅसेटलाही चिकटते. वास्तूत दमट वास येतो म्हणून कॅसेट उन्हात वाळवायची चूकही करू नका, उन्हाने टेप आकसते. ती वेगळ्या पिशवीत बांधून टेप साफ करून देणाऱ्याकडेच द्या.

मशीनचे चार पर्याय

*१. कॉम्बो रेकॉर्डर.* एकाच डब्यात एका बाजूला कॅसेट, दुसऱ्या बाजूला डीव्हीडी. बटण दाबलं की कॅसेटवरून डिस्क तयार. संगणक लागत नाही. वापरायला सगळ्यात सोपं मशीन हेच, पण ते आता जुनंच मिळतं. त्यात दोन यंत्रं एकत्र असल्याने एक बिघडलं की डबा अडगळीत जातो. घेताना 'रेकॉर्डर' आहे ना ते तपासा. दिसायला तसेच पण डीव्हीडी फक्त वाजवणारे कॉम्बोही आहेत, त्यांच्यात डिस्क तयार होत नाही.

*२. व्हीसीआर आणि वेगळा डीव्हीडी रेकॉर्डर.* दोन्ही डबे तीन रंगांच्या वायरने जोडायचे. पिवळी चित्राची, लाल आणि पांढरी आवाजाची. एक बिघडलं तर दुसरं कामाला येतं. रेकॉर्ड न करणारा, नुसता वाजवणारा व्हीसीपी घरात पडून असेल तर तोही इथे चालतो.

*३. व्हीसीआर, यूएसबी कॅप्चर आणि लॅपटॉप.* कॅप्चर म्हणजे पेन ड्राइव्हएवढा डबा. एका बाजूला तीच तीन रंगांची वायर, दुसऱ्या बाजूने लॅपटॉप. चारांतला हा स्वस्त मार्ग आहे. आधी फाइल तयार होते, डिस्क नंतर हवी तेव्हा करता येते. सोबतची सीडी नव्या विंडोजवर चालत नाही, अशी अडचण पुष्कळदा येते. तेव्हा ओबीएस स्टुडिओ हे मोफत सॉफ्टवेअर वापरता येतं. सेटिंगमध्ये पाल, ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ चित्रं असं ठेवायचं.

*४. संगणकाशिवाय चालणारा कॅप्चर डबा.* छोटा पडदा असतो आणि चित्रीकरण थेट पेन ड्राइव्ह किंवा मेमरी कार्डवर उतरतं. लॅपटॉप नसलेल्या घरासाठी सोयीचा. कॅसेट वाजवायला व्हीसीआर इथेही लागतोच.

मिनी डीव्ही आणि डिजिटल एटमध्ये चित्र आधीच डिजिटल असतं. कॅमेरा फायरवायर नावाच्या वायरने संगणकाला जोडला तर जसंच्या तसं उतरतं. नव्या लॅपटॉपला ती जागा नसते, म्हणून जुना संगणक किंवा दुकान गाठावं लागतं.

टीव्हीसमोर मोबाइल धरून शूटिंग करणारेही आहेत. त्यात पडद्यावर पट्टे फिरतात आणि खोलीतला सगळा आवाज येतो. दुसरा इलाजच नसेल तेव्हाच तसं करावं.

चारही पर्यायांत लक्षात ठेवायची गोष्ट एकच. चित्र कसं येणार हे कॅसेट वाजवणारं मशीन ठरवतं. वाजवणारा व्हीसीआर मळका असेल तर महागातला रेकॉर्डरही तेच मळकं चित्र उतरवून घेणार. पैसे आणि वेळ आधी चांगल्या व्हीसीआरवर खर्च करा.

कुणी काय करावं?

तीन-चार कॅसेट असतील तर मशीन घेऊच नका, दुकानात द्या. वीस-पंचवीस कॅसेट निघाल्या तर मशीनचा विचार करा. भावकीतल्या पाच-सहा घरांनी मिळून एक संच घेतला, सगळ्यांच्या कॅसेट उतरवल्या आणि मग तो पुढच्या गरजवंताला विकला, तर कुणालाच जड जात नाही. पण वेळेचा हिशेब धरा. तीन तासांची कॅसेट उतरवायला पूर्ण तीन तास लागतात. वीस कॅसेट म्हणजे साठ तास, आणि कुणीतरी अधूनमधून बघायला हवं.

लाइटचंही बघा. डीव्हीडी रेकॉर्ड होताना मध्येच लाइट गेली तर ती डिस्क बहुधा वाया जाते. इन्व्हर्टर असेल तर मशीन त्यावर लावा, नाहीतर लाइटचं वेळापत्रक बघून बसा.

जुनं मशीन घेताना

पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली इलेक्ट्रॉनिक सामानासाठी प्रसिद्ध आहे. कॅप्चर, वायर, कोऱ्या डिस्क यांची चौकशी तिथे करता येते. एसटीने स्वारगेटला उतरणाऱ्यांना मेट्रोने मंडई स्थानकापर्यंत जाऊन पुढे चालत पोहोचता येतं. बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारातही जुनी यंत्रं येतात, पण तिथली वस्तू चालू करून बघितल्याशिवाय घेऊ नये. आधी नातेवाइकांच्या माळ्यावर विचारा. चांगला व्हीसीआर बरेचदा तिथेच निघतो.

घेताना सोबत एक बिनकामाची कॅसेट न्या. लग्नाची नेऊ नका.

* १५ मिनिटं सलग वाजवा. चित्रावर वर-खाली पांढऱ्या रेघा राहतात का, आवाज घरघरतो का बघा.
* पुढे-मागे पळवून, थांबवून बघा. कॅसेट बाहेर काढून टेपची कड चुरगळली का तपासा. चुरगळली असेल तर ते मशीन कॅसेट खातं, तिथूनच परत फिरा.
* रेकॉर्डर असेल तर पाच मिनिटांची डिस्क करून ती दुसऱ्या प्लेयरवर लावून बघा. रेकॉर्डिंग संपल्यावर डिस्क 'फायनलाइज' करावी लागते. ते केलं नाही तर ती बाकीच्या प्लेयरवर चालत नाही. हे काम बऱ्याच मशीनमध्ये रिमोटवरूनच होतं, म्हणून रिमोट मागून घ्या.
* पाल पद्धत चालते का विचारा. भारतातल्या कॅसेट पालच्या. दुबईहून आणलेली मशीन सहसा चालतात. अमेरिकेची पद्धत एनटीएससी आणि वीज १२० व्होल्ट, त्यामुळे तिथला व्हीसीआर इथे सहसा उपयोगाचा नाही.

विकत आणलेल्या सिनेमाच्या कॅसेट उतरवताना चित्र उजळ-अंधारं होतं किंवा रेकॉर्डर थांबतो. त्या कॅसेटवर नक्कल रोखणारी व्यवस्था असते, मशीनचा दोष नसतो. घरच्या शूटिंगला हा अडथळा नाही.

दुकानात देताना हे विचारा

दर कॅसेटवर आहे की तासावर? फाइल पेन ड्राइव्हवर मिळेल की फक्त डिस्क? मूळ कॅसेट परत मिळेल ना? काम तिथेच होतं की बाहेर पाठवतात? आधी एकच कॅसेट द्या, काम बघा, मग बाकीच्या न्या. प्रत्येकीवर नाव, गाव आणि फोन नंबर लिहा, मोबाइलवर फोटो काढून ठेवा. नेताना गाडीच्या डिकीत दुपारभर ठेवू नका. उन्हात तापलेली डिकी कॅसेटला घातक.

डिस्क झाली म्हणजे काम संपलं असं नाही

एका साध्या डीव्हीडीवर ४.७ जीबी मावतं. एक तास भरला तर चित्र सगळ्यात चांगलं, दोन तास भरले तरी ठीक. चार तास कोंबले की चेहरे पुसट होतात. तीन तासांच्या लग्नाला दोन डिस्क घ्या.

घरी केलेली डिस्क कायमची नसते. ओरखडा आणि ऊन तिला चालत नाही. वरून कागदी स्टिकर लावू नका, मऊ मार्करने नाव लिहा. नव्या लॅपटॉपला डीव्हीडीची जागाच नसते, म्हणून तीच फाइल पेन ड्राइव्ह किंवा हार्ड डिस्कवर घ्या. मुंबई-पुण्यातल्या नातेवाइकांना व्हॉट्सॲपवर पाठवताना व्हिडिओ म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा. व्हिडिओ म्हणून पाठवला की दर्जा उतरतो. दोन जीबीपर्यंतची फाइल अशी जाते.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे प्रत दोन घरांत ठेवा. पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. देशाचा सिनेमा जपणारी ही संस्था. २००३ साली पुण्यातच लागलेल्या आगीत तिच्याकडच्या जुन्या नायट्रेट फिल्मचा मोठा साठा जळाला. सरकारी संग्रहालयावर ही वेळ येते, तर आपल्या पत्र्याच्या पेटीचं काय? एक प्रत गावी, एक लेकीच्या सासरी, असं वाटून टाकलं की एका घरात पाणी शिरलं तरी दुसरीकडे लग्न शाबूत राहतं.

थोडक्यात

कॅसेट ओळखा, मागचा तुकडा मोडा, बुरशी बघा. थोड्या असतील तर दुकान, जास्त असतील तर भावकीत मिळून मशीन. ज्या कॅसेटमध्ये गेलेली माणसं आहेत ती आधी उतरवा, कारण मशीन मध्येच बंद पडलं तर राहायची ती बाकीची राहोत. आणि उतरवून झाल्यावर मूळ कॅसेट भंगारात देऊ नका. कोरड्या कपाटात उभी ठेवा.