चालून दाखवा

एकेकाळी आपल्याकडे मुलगी बघायला आलेली मंडळी ‘जरा चालून दाखव’ असं बिनदिक्कत म्हणत. आता निदान आमच्या ओळखीच्या घरांत तरी असं म्हणणाऱ्याला पोह्यांची बशी रिकामी व्हायच्या आत जिना दाखवतील. कुत्र्यांच्या प्रदर्शनात मात्र हा कार्यक्रम अजून यथासांग चालतो. दात बघतात, कान बघतात, पाठीवरून हात फिरवतात, सरळ रेषेत चालवतात आणि मग गोल पळवतात. आजोबा-पणजोबांची माहिती कागदावर असतेच. फरक एवढाच, की इथे ज्याला बघायचं तो पाहुण्यांना चावू शकतो.

ही रीत इंग्लंडातली. लंडनच्या गुत्त्यांतून हौशी लोक आपापली कुत्री टेबलावर मांडून पैजा मारत, ते आधीपासून होतंच. पण रीतसर म्हणावं असं पहिलं प्रदर्शन भरलं ते न्यूकॅसल-अपॉन-टाइन इथे, जून १८५९ मध्ये. तेही मूळचं कोंबड्यांचं! त्याला कुत्र्यांची पुरवणी जोडली. साठ कुत्री आली. पॉइंटर आणि सेटर या दोनच शिकारी जाती. बक्षीस होतं बंदूक. निकाल असा लागला, की पॉइंटरांत पहिला आला तो सेटरच्या परीक्षकाचा कुत्रा, आणि सेटरांत पहिला आला तो पॉइंटरच्या परीक्षकाचा! आपल्याकडच्या एकांकिका स्पर्धांनी याहून वेगळं काही शोधून काढलंय असं मला वाटत नाही.

असले प्रकार वाढायला लागल्यावर नियम करणारं कुणीतरी हवं, म्हणून १८७३ साली लंडनमध्ये केनेल क्लब निघाला आणि पुढच्याच वर्षी त्याने कुत्र्यांची वंशावळ छापली. इतक्या घाईने तर आमच्या कुलवृत्तांताचं परिशिष्टही निघालं नाही.

या नियमांतला एक मला तोंडपाठ आहे, कारण आमच्या गावातल्या प्रदर्शनात मी रिंगणाचा मदतनीस असतो. स्टुअर्ड म्हणतात त्याला. शब्द ऐकून माणूस विमानात असल्यासारखं वाटतं, पण काम लग्नातल्या वाढप्याचं. दंडाला बांधायचे नंबर वाटायचे, नावं पुकारायची, गैरहजरांवर फुली मारायची, परीक्षकांच्या हाती रिबिनी द्यायच्या. नियम असा, की कॅटलॉग परीक्षकांच्या नजरेस पडता कामा नये. कुठला कुत्रा कोणाचा, हे त्यांना ठाऊक नसावं म्हणून. परीक्षकांशी कुत्र्यांबद्दल बोलायचंही नाही. मग बोलायचं कशावर? हवेवर. डिसेंबरातल्या एका रविवारी आम्ही दोघांनी मिळून थंडीवर सहा तास काढले होते.

मालक लोकांना हे नियम नसतात. “काका, जरा दोन मिनिटं धरता का? काही करत नाही हो तो,” असं म्हणून एका ताईंनी ग्रेट डेनची दोरी माझ्या हातात दिली. खरोखरच त्याने काही केलं नाही. तो फक्त चालायला लागला, आणि मी त्याच्याबरोबर मंडपाचे खांब मोजत हिंडलो. ताई परत आल्या तेव्हा त्यांच्या खिशात उकडलेली कोंबडीची काळिजं होती. ही काळिजं म्हणजे रिंगणातलं चलन. मालक कुत्र्यापुढे मुठीत काळीज धरतो, कुत्रा मान ताठ करून त्याकडे बघतो, आणि परीक्षक लिहून घेतात : ‘मुद्रा तेजस्वी’.

या सगळ्याचा मोठा उद्योग केला चार्ल्स क्रफ्ट या गृहस्थाने. हा स्प्रॅट कंपनीच्या कुत्र्यांच्या बिस्किटांचा विक्रेता. १८८६ साली त्याने नुसत्या टेरियर जातींचं प्रदर्शन भरवलं आणि १८९१ पासून स्वतःच्या नावाने सर्व जातींचं. खुद्द व्हिक्टोरिया राणीने आपली कुत्री पाठवली. क्रफ्टच्या स्वतःच्या घरी मात्र मांजर होतं, असं सांगतात. मला हे पटतं. हलवाई गोड खात नाही.

गंमत इथवर ठीक होती. पण बुलडॉगचं बघा. बैलावर कुत्रे सोडण्याचा खेळ इंग्लंडात १८३५ साली कायद्याने बंद झाला आणि हा प्राणी बेकार झाला. बेकाराला प्रदर्शनाने आसरा दिला, पण नोकरी दिली ती दिसण्याची. परीक्षकांना आखूड नाक आवडलं, की पुढच्या पिढीचं नाक आणखी आखूड. होता होता नाक नावापुरतं उरलं, श्वास घोरल्यासारखा झाला, डोकं इतकं मोठं झालं की बहुतेक पिल्लं पोट कापूनच काढावी लागतात. २००८ साली बीबीसीने यावर एक माहितीपट दाखवला, तेव्हा बराच गहजब झाला. दुसऱ्या वर्षी बीबीसीने क्रफ्ट्सचं प्रक्षेपण सोडलं आणि केनेल क्लबला जातींची वर्णनं नव्याने तपासावी लागली. २०१२ मध्ये क्रफ्ट्समध्येच पंधरा जातींच्या विजेत्यांना पशुवैद्यांपुढे उभं केलं. सहा नापास! त्यात बुलडॉगही होता. म्हणजे सौंदर्यात पहिला आणि तब्येतीत नापास. हे बघून मला फार वाईट वाटलं, कारण आमच्या रिंगणातही उन्हं चढली की या मंडळींना ओल्या टॉवेलात गुंडाळून बर्फाजवळ बसवावं लागतं, आणि तेवढ्यात मालक विचारतात, “आमचा नंबर केव्हा?”

याउलट आपला कारवान. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी हा कुत्रा जोपासला, पाचव्या जॉर्ज बादशहाला भेट दिला. २००५ साली तो टपाल तिकिटावर आला. एका क्लबाच्या कागदावर तो कारवान हाउंड, दुसऱ्याच्या कागदावर मुधोळ हाउंड. शाळेत एक नाव आणि घरी दुसरं, असा प्रकार. अंगावर चरबी नाही, पोट पाठीला लागलेलं, पाय लांबलचक. गेल्या वर्षी सांगलीकडचे एक पटकेवाले आजोबा असा एक घेऊन आले होते. मी त्यांच्या दंडाला नंबर बांधला, परीक्षकांनी दात बघितले, पाठ बघितली, कुत्रा एकदा सरळ चालला, एकदा गोल फिरला, आणि त्यांच्या हातात लाल रिबीन आली.

आजोबांनी ती उलटीसुलटी करून बघितली आणि मला विचारलं, “झालं? पळवून बगत न्हाईत व्हय?”

“नाही,” मी म्हटलं.

“मग कळलं कसं त्यास्नी?”

परीक्षक जवळच उभे होते. मी म्हटलं, “आजोबा, यंदा थंडी जरा कमीच, नाही का?”