अल्पकालीन अभ्यासयात्रा आणि कोस्टा रिकातील पर्यटन : क्रमाचा प्रश्न

परदेशी विद्यापीठांतील विद्यार्थ्यांनी दोन ते आठ आठवड्यांकरिता कोस्टा रिकात जावे, तेथील अरण्ये, मळे व पर्यटकांची निवासस्थाने पाहावीत, आणि शाश्वत विकास व जबाबदार पर्यटन या विषयांचे श्रेयांक पदरी पाडून परतावे, हा प्रकार आता इतका रूढ झाला आहे की त्यालाही काही इतिहास असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. याविषयी जे लिहिले जाते त्यात एक क्रम बहुधा गृहीत धरलेला असतो. प्रथम शासनाने अरण्ये राखली, मागाहून ती पाहावयास पर्यटक आले, आणि पर्यटकांसाठी झालेल्या सोयींचा लाभ घेत शेवटी विद्यापीठे आली, असा तो क्रम होय. प्रस्तुत लेखकाच्या मते हा क्रम पुष्कळ अंशी उलटा आहे. अभ्यासक आधी आले; अरण्यरक्षणाच्या कामात त्यांचा हात होता; आणि पर्यटक त्यांच्या वाटेने मागाहून आले. हा वाद केवळ कालक्रमाचा नाही. आजच्या अभ्यासयात्रेने कोणते उत्तरदायित्व मानावे हे आपण कोणता क्रम स्वीकारतो यावर अवलंबून आहे.

अमेरिकी विद्यापीठांनी विद्यार्थ्यांस परदेशी पाठविण्याची प्रथा जुनी आहे. १९२३ मध्ये डेलावेअर विद्यापीठातील प्राध्यापक रेमंड कर्कब्राइड हे आठ विद्यार्थ्यांस घेऊन फ्रान्सला गेले, तेथून या प्रथेचा आरंभ सामान्यतः मानला जातो. परंतु ती यात्रा वर्षभराची होती, आणि तिचा हेतू भाषा व संस्कृती आत्मसात करण्याचा होता. आज परदेशी जाणाऱ्या अमेरिकी विद्यार्थ्यांपैकी निम्म्याहून अधिक जण आठ आठवडे वा त्याहून कमी काळासाठी जातात. हा बदल म्हणजे मूळ आदर्शाची घसरण होय, असे मानणारे पुष्कळ आहेत. कोस्टा रिकाचा इतिहास पाहता मात्र अल्पकालीन यात्रेचा उगम निराळ्या ठिकाणी सापडतो. ती वर्षभराच्या यात्रेची कापून लहान केलेली आवृत्ती नव्हे. तिचा वंश क्षेत्रीय जीवशास्त्राचा आहे.

१९६१ मध्ये दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाचे जे सॅव्हेज यांच्या पुढाकाराने कोस्टा रिका विद्यापीठात उष्णकटिबंधीय जीवशास्त्राचे एक प्रगत चर्चासत्र भरले. १९६३ मध्ये अमेरिकेतील काही विद्यापीठे व कोस्टा रिका विद्यापीठ यांनी एकत्र येऊन ‘ऑर्गनायझेशन फॉर ट्रॉपिकल स्टडीज’ ही संस्था स्थापिली. सुमारे दोन महिने विद्यार्थ्यांनी एका अरण्यातून दुसऱ्या अरण्यात जावे आणि प्रत्येक ठिकाणी स्वतः निरीक्षणे करावीत, ही तिच्या अभ्यासक्रमाची रीत होती. १९६३ मध्ये अशाच एका दोन महिन्यांच्या क्षेत्रीय अभ्यासक्रमास डॅनियल जॅन्झेन नावाचा विद्यार्थी आला होता. १९६५ मध्ये तो शिक्षक म्हणून परतला आणि त्यानंतर येतच राहिला. संस्थेने १९६८ मध्ये ला सेल्वा हे क्षेत्र लेस्ली होल्ड्रिज यांच्याकडून विकत घेतले. होल्ड्रिज यांनी १९५४ पासून तेथे मिश्र लागवडीचे प्रयोग चालविले होते. देशाचा राष्ट्रीय उद्यानविभाग या सुमारास जन्मासही आला नव्हता, ही गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी.

मोन्तेवेर्देचे उदाहरण याहून बोलके आहे. सक्तीच्या सैन्यनोंदणीस नकार दिल्याबद्दल अमेरिकेतील अलाबामा राज्यातील काही क्वेकर तरुणांना १९४९ मध्ये कारावास झाला. १९४८ मध्ये कोस्टा रिकाने आपले सैन्य विसर्जित केले होते. तेव्हा या मंडळींनी त्या देशाची वाट धरली आणि १९५१ मध्ये तिलारान पर्वतराजीच्या माथ्याजवळ वसाहत केली. त्यांनी गाई पाळल्या, चीजचा कारखाना काढला, आणि ओढ्यांचे पाणी टिकावे म्हणून विकत घेतलेल्या जमिनीपैकी सुमारे एक तृतीयांश भागावरील अरण्य न तोडता राखले. निसर्गपर्यटन हा शब्द त्या वेळी कोणाच्या गावीही नव्हता. येथील सोनेरी भेक रहिवाशांच्या परिचयाचा होता. विज्ञानाला त्याची ओळख १९६६ मध्ये सॅव्हेज यांनी करून दिली. पुढे १९७० च्या सुमारास जॉर्ज पॉवेल नावाचा पदव्युत्तर विद्यार्थी पक्ष्यांच्या मिश्र थव्यांचा अभ्यास करावयास तेथे आला. भोवतालचे अरण्य झपाट्याने तुटत असल्याचे पाहून त्याने वसाहतीतील विल्फर्ड गिंडन यांच्यासह जमिनी मिळविण्याचा उद्योग आरंभिला. १९७२ मध्ये मोन्तेवेर्देचे मेघारण्य राखीव झाले ते या उद्योगातून. आणि त्याचा कारभार ज्या कोस्टा रिकी संस्थेकडे गेला तिच्या संस्थापकांत होल्ड्रिज होतेच. तीच ती मोजकी नावे पुनःपुन्हा भेटतात, हा योगायोग नव्हे. त्या काळी हे वर्तुळच तेवढे लहान होते.

१९७४ मध्ये या राखीव अरण्यात आलेल्या पाहुण्यांची संख्या पाचशेच्या आत होती. १९९० च्या दशकाच्या आरंभी ती वर्षाला सुमारे पन्नास हजारांपर्यंत पोहोचली. वर जाणारा खडबडीत कच्चा रस्ता सुधारू नये, असे मत गावातील अनेकांनी दीर्घकाळ धरले. पाहुण्यांची संख्या आवरण्याचा तो सर्वांत स्वस्त उपाय होता. १९८६ मध्ये मोन्तेवेर्दे इन्स्टिट्यूट स्थापन झाली आणि परदेशी विद्यापीठांच्या लहान अभ्यासक्रमांना गावातच एक यजमान मिळाला. सोनेरी भेक मात्र १९८९ नंतर कोणाच्याही दृष्टीस पडला नाही. ज्या प्राण्याने या अरण्याचे नाव जगभर नेले तो अरण्य सुरक्षित असतानाच नाहीसा झाला, ही गोष्ट तेथे जाणाऱ्या प्रत्येक तुकडीला सांगितली पाहिजे. कुंपण घातले म्हणजे रक्षण झाले, हा समज तिने मोडतो.

येथे एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. या मांडणीत कोस्टा रिकी लोकांचे कर्तृत्व झाकले जात नाही काय? राष्ट्रीय उद्यानांची व्यवस्था १९७० पासून उभी केली ती मारिओ बोसा व आल्वारो उगाल्दे यांनी, आणि ते दोघेही त्याच देशाचे. आक्षेप रास्त आहे. तथापि बोसा यांनी तुरियाल्बा येथे पदव्युत्तर विद्यार्थी असताना पोआस ज्वालामुखीच्या उद्यानयोजनेवर प्रबंध लिहिला होता, आणि या दोघांनीही अमेरिकेतील राष्ट्रीय उद्याने अभ्यासकाच्या नात्याने पाहिली होती. म्हणजे अभ्यासयात्रेची वाट दुहेरी होती. उत्तरेकडून येणाऱ्यांची नोंद आपण करतो, दक्षिणेकडून जाणाऱ्यांची करीत नाही, हा दोष मांडणाऱ्यांचा आहे.

पर्यटनाचा मोठा लोंढा यानंतरचा. १९९९ मध्ये परदेशी प्रवाशांची संख्या दहा लाखांवर गेली. २०१९ मध्ये ती तीस लाखांहून अधिक झाली. १९९७ मध्ये शासकीय पर्यटनसंस्थेने निवासस्थानांसाठी शाश्वततेचे प्रमाणपत्र सुरू केले. येथून विद्यापीठांच्या यात्रेचा विषयच पालटला. पूर्वी विद्यार्थी मुंग्या व बिया मोजण्यासाठी येत. आता ते पर्यटनाचाच अभ्यास करण्यासाठी पर्यटक होऊन येऊ लागले. ‘अभ्याससहल’ या आपल्या शब्दातील पूर्वपद व उत्तरपद यांचे भांडण इतके उघड्यावर क्वचितच आले असेल. या विषयाचे धडे घेण्यासाठी विमानाने जो प्रवास होतो, त्याचा हिशेब त्याच अभ्यासक्रमात मांडला जातो की नाही, ही साधी कसोटी पुष्कळांना अडचणीची वाटते.

तथापि कालावधीवर दोष ठेवणे लेखकास पटत नाही. जॅन्झेन यांचा पहिला मुक्काम दोनच महिन्यांचा होता. १९८५ पासून त्यांनी विनी हॉलवॉक्स यांच्यासह ग्वानाकास्तेच्या कोरड्या अरण्याचे पुनरुज्जीवन हाती घेतले, ते पुनःपुन्हा त्याच जागी परतल्यामुळे. विद्यार्थी अल्पकाळ राहतो. परंतु वर्षानुवर्षे तुकड्या येत राहिल्या तर गावाच्या दृष्टीने ती यात्रा अल्पकालीन नसतेच. तेव्हा विचारावयाचे ते हे की तुकड्या गेल्यावर तेथे काय उरते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस ला सेल्वाच्या परिसरातील ग्रामस्थांना निसर्गमार्गदर्शक म्हणून शिक्षित करण्याचा प्रयोग झाला. १९८९ मध्ये ग्वानाकास्तेत स्थानिक स्त्रीपुरुषांना कीटक व वनस्पती गोळा करून त्यांचे प्राथमिक वर्गीकरण करण्याचे शिक्षण देण्यास आरंभ झाला. यांतील बहुतेकांना विद्यापीठाचा स्पर्शही झालेला नव्हता. त्यांनी जमविलेल्या नमुन्यांवर पुढे कित्येक प्रबंध उभे राहिले.

मार्च २०२० मध्ये महामारीमुळे कोस्टा रिकाच्या सीमा परदेशी प्रवाशांना बंद झाल्या. तुकड्या येणे थांबले, आणि विद्यार्थ्यांना घरी ठेवून घेणाऱ्या कुटुंबांची ती मिळकत एकाएकी बुडाली. पुढे दारे उघडल्यावर विद्यापीठे परतली. मधल्या काळात त्या कुटुंबांचे काय झाले याची विचारपूस करणे ज्या अभ्यासक्रमांना आपल्या विषयाचा भाग वाटले, त्यांच्या नोंदी पुढील इतिहासकारास उपयोगी पडतील.