उस्मानाबादच्या बायकांनी दिलेले उत्तर

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाबद्दलच्या एका मोठ्या प्रश्नाचे उत्तर जगाला मिळाले, ते उस्मानाबाद जिल्ह्यातल्या, म्हणजे आजच्या धाराशिवच्या खेड्यांतून. हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

हा रोग एका रात्रीत होत नाही. एचपीव्ही नावाचा विषाणू शरीरसंबंधातून येतो. बहुतेकींच्या शरीरातून तो वर्षा-दोन वर्षांत आपोआप जातो. ज्यांच्यात तो ठाण मांडून बसतो, त्यांतल्या काहींना बऱ्याच वर्षांनी कर्करोग होतो. जर्मनीच्या हॅराल्ड त्सुर हाउझेन यांनी १९८३ मध्ये या विषाणूचा सर्वांत घातक प्रकार शोधला. २००८ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. त्याच्या कितीतरी आधीपासून डॉ. पापानिकोलाउ यांची ‘पॅप’ तपासणी होती. पण तिला पेशी पारखणारे तज्ज्ञ लागतात आणि ती ठरावीक वर्षांनी पुन्हा करावी लागते. मग खेड्यातल्या बाईला एकदाच तपासता आले, तर कोणती चाचणी तिचा जीव वाचवील?

बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाने टाटा रुग्णालय आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांच्यासह १९९९ मध्ये हा प्रश्न हाती घेतला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया त्यात होत्या. काही गावांत विषाणूची चाचणी झाली, काहींत पॅप, तर काहींत ॲसेटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी. चौथ्या गटाला फक्त माहिती आणि नेहमीची आरोग्यसेवा मिळाली.

२००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. विषाणूची चाचणी देऊ केलेल्या गटात ३४,१२६ स्त्रियांपैकी ३४ जणी या रोगाने दगावल्या. चौथ्या गटात ३१,४८८ पैकी ६४. एका चाचणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले होते. त्या ६४ जणींचे ऋण विसरता येणार नाही. त्यांच्याशी तुलना झाली, म्हणूनच उत्तर मिळाले.

२०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने विषाणूच्या चाचणीलाच पहिली पसंती दिली. आणि आपल्याकडे? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या शंभरांतल्या दोघींचीही या रोगासाठी कधी तपासणी झालेली नव्हती.

दुखणे अंगावर काढायची आपल्या बायकांना सवय. ही तपासणी तर काही दुखत नसतानाच करायची असते. तेव्हा घरातल्या तिशी ओलांडलेल्या बाईला आज एवढेच विचारा, ‘तुझी तपासणी झाली का?’